सोनी आरएक्स१०० : खान्देशच्या रस्त्यावर खिशातला कॅमेरा

रोड ट्रिपला कोणता कॅमेरा न्यावा असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, जो पँटच्या खिशात जातो तो. डिक्कीतल्या बॅगेत ठेवलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, निघतच नाही, पुढे थांबू पुढे थांबू करता करता शिरपूर येऊन जातं आणि ऊन डोक्यावर चढलेलं असतं.

मी सध्या सोनीचा पहिला आरएक्स१०० वापरतोय, सेकंडहँड. २०१२ चं मॉडेल आहे, पण बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम वजन आणि आत १ इंची म्हणतात तो सेन्सर (उजेड टिपणारा भाग), म्हणजे प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी, साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या साधारण चौपट एरिया. २० मेगापिक्सेल आजही भरपूर झाले. लेन्स २८ ते १०० एमएमच्या हिशोबाची, म्हणजे रुंद दृश्यापासून लांबचं थोडं जवळ आणण्यापर्यंत, आणि खऱ्या काचेचा झूम आहे, मोबाइलसारखं ताणून मोठं केलेलं नाही.

याची खरी मजा कळते चोपडा-शिरपूर-शहादा रस्त्यावर. उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला कुठंतरी तापी, मध्ये केळी नि कापूस. केळीच्या बागेपाशी ट्रक भरत असला की गाडी कडेला घ्यायची, विचारायचं आणि कॅमेरा काढायचा. मोठी लेन्स पाहिली की माणसं एकदम ताठ होतात, पेपरवाले आलेत का विचारतात. हा एवढासा डबा पाहून कोणी कामच थांबवत नाही, उलट घड उचलता उचलता एखादा पोरगा म्हणतो, "मना बी फोटू काढ ना भाऊ", आणि काढला की लगेच स्क्रीनवर बघायला सगळे गोळा! बीप बंद केला की शटरचा आवाज जवळजवळ येत नाही, त्यामुळं गप्पा चालू राहतात आणि फोटोही निघतात. मला यापेक्षा मोठं सुख कुठल्याच महागड्या बॉडीनं दिलेलं नाही.

भर उन्हात पागोट्याखालचा चेहरा काळा येतो, तिथं छोटा पॉपअप फ्लॅश कामाला येतो. आणि ढाब्यावर शेवभाजीचं ताट आलं की तोच फ्लॅश बोटानं मागं दाबून छताकडं वळवायचा, पांढरं छत असेल तर उजेड इतका मऊ पडतो की तर्रीसुद्धा खरीखुरी लाल दिसते.

तोरणमाळच्या घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावरच उतरलेले असतात, तिथं २८ एमएमला एफ १.८ मिळतं (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं) म्हणून आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, फार वाढवावा लागत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, ढगातलं बरंच डिटेल परत मिळतं.

पण लेन्स पुढे नेली की उजेड कमी होतो, १०० एमएमला एफ ४.९. सारंगखेड्याच्या यात्रेत संध्याकाळी घोडा नाचवायला लागले की शटरचा वेग पुरत नाही, पाय हललेले येतात. घोड्यांचे फोटो सकाळी काढावेत, तेव्हा तसंही ऊन कोवळं असतं. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही ही मला मोठी कमी वाटते, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास असतो त्या उन्हात स्क्रीन दिसणं कठीण, सेटिंगमध्ये सनी वेदर नावाचा ब्राइटनेस आहे तो लावल्यावर जरा बरं. बॉडी गुळगुळीत आहे, घामाच्या हातातून सटकते, मनगटाला दोरी पाहिजेच. धुळीपासून सील केलेला नाही, त्यामुळं कच्च्या रस्त्यावर झिपच्या पिशवीत ठेवायचा आणि कारच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

फोनमध्ये रात्रीचे फोटो आता याच्यापेक्षा सोपे येतात हे मान्य आहे. तरी फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतं, मागून कॉल येतो, आणि समोरचा उजेड निघून जातो.

सेकंडहँड घेताना दोन-तीन गोष्टी बघाच. चालू-बंद करून लेन्स अडखळत नाही ना ते बघा. एफ ११ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय, सोडून द्या, कारण लेन्स निघत नाही, साफ करायची तर सगळा उघडावा लागतो. बॅटरीची चिंता नको, एनपी-बीएक्स१ पुढच्या मॉडेललाही लागत होती म्हणून अजून मिळते, एक जास्तीची घेऊन ठेवा, चार्जिंग साध्या मायक्रो यूएसबीवर गाडीतच होतं.