ब्रिटनमधल्या मराठी मंडळांसाठी लॉटरीचा पैसा: कोणत्या कामाला कोणता निधी?

ज्येष्ठांसाठी भोजनमेळावा, शनिवारची मराठी शाळा, लेझीम-ढोलाचे पथक, १९६०-७० च्या दशकांत इथे आलेल्या पिढीच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण. ब्रिटनमधल्या मंडळाच्या बैठकीत असा विषय निघाला की ‘लॉटरीकडे अर्ज करू या’ ही सूचना येतेच. सूचना चांगली आहे, पण अपुरी आहे. लॉटरीचा पैसा वाटणाऱ्या संस्था अनेक आहेत. प्रत्येकीची अट वेगळी आणि पैसे देण्याची पद्धतही वेगळी. चुकीच्या ठिकाणी केलेला अर्ज कितीही चांगला लिहिला तरी नाकारला जातो, आणि तोवर स्वयंसेवकांचे तीन-चार महिने गेलेले असतात.

१९९३ च्या कायद्याने ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी स्थापन झाली आणि पहिली सोडत नोव्हेंबर १९९४ मध्ये झाली. तिकिटे विकणारी कंपनी वेगळी (आधी कॅमलॉट, फेब्रुवारी २०२४ पासून ऑलविन) आणि अनुदान देणाऱ्या संस्था वेगळ्या. समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतले ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि सेवाकार्याला जातात. क्रीडा, कला आणि वारसा यांना प्रत्येकी २० टक्के मिळतात. ४० टक्क्यांचा तो वाटा नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड सांभाळतो. जुन्या सभासदांच्या तोंडी अजून ‘बिग लॉटरी’ असते, ती हीच संस्था. नाव २०१९ मध्ये बदलले.

भारतातल्या अनुभवावरून इथला अंदाज बांधू नका. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालली, पण तिचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. संस्थेने त्यासाठी अर्ज करावा अशी सोय नाही. केरळने कारुण्य योजनेतून लॉटरीचा पैसा गंभीर आजारांच्या उपचारांकडे वळवला, पण तिथेही मदत रुग्णाला होते, संस्थेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र नोंदणीकृत चॅरिटी नसलेले छोटे मंडळही थेट अर्ज करू शकते.

खाली दिलेल्या कम्युनिटी फंडाच्या रकमा इंग्लंडमधल्या आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी त्याच फंडाच्या स्वतंत्र योजना आहेत, त्या पाहाव्यात.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी: अवॉर्ड्स फॉर ऑल

बहुतेक मंडळांनी सुरुवात इथूनच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही कम्युनिटी फंडाचीच छोट्या रकमांची योजना. रक्कम ३०० ते २०,००० पाउंड आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. स्वतःचा हिस्सा घालण्याची सक्ती नाही. अर्ज वर्षभर करता येतो. निर्णयाला वेळ लागतो, म्हणून काम सुरू करण्याची तारीख अर्जापासून किमान चार महिने पुढची धरावी. मंजुरीपूर्वी केलेला खर्च मिळत नाही. ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी ऑगस्टमध्ये अर्ज करणारी मंडळे इथेच अडकतात.

२०,००० ही मर्यादा पूर्ण प्रकल्पाची आहे, दरवर्षाची नाही. नमुन्यादाखल २५ ज्येष्ठांच्या भोजनमेळाव्याचा हिशेब असा मांडता येईल. एकूण ४४ मेळावे धरले. हॉल ताशी १८ पाउंडांनी चार तास, म्हणजे ३,१६८. शिधा माणशी ५ पाउंड, म्हणजे ५,५००. ने-आण प्रत्येक वेळी ६० पाउंड, म्हणजे २,६४०. समन्वयकाचे सहा तास, ताशी १४ पाउंड, म्हणजे ३,६९६. भांडी आणि गरम डबे ९००, विमा ३५०, प्रशिक्षण आणि तपासण्या ३००, हिशेब-फोन-छपाई ८००. बेरीज १७,३५४. हेच ४४ मेळावे आठवड्याला घेतले तर पैसा वर्षात संपतो. पंधरवड्याला घेतले तर दोन वर्षे पुरतो. समितीने आधी हा निर्णय घ्यावा आणि मग अर्ज लिहायला बसावे. समन्वयकाची पगारी रजा आणि व्हॅट हे दोन खर्च हमखास विसरले जातात. परत मिळू शकणारा व्हॅट फंड देत नाही, पण मंडळाला तो परत मिळत नसेल तर तो खर्चात धरायलाच हवा. हिशेब-फोन-छपाईसारखा कामामागचा खर्च लाजून वगळू नका. तो मागता येतो.

आता कागदपत्रे, कारण अर्ज सर्वाधिक अडखळतात ते इथेच. मंडळाची लिखित घटना हवी. मंडळ विसर्जित झाल्यास उरलेली मालमत्ता सभासदांत न वाटता समान उद्देशाच्या संस्थेला जाईल, हे कलम तिच्यात असावे. समितीत नात्यागोत्यात नसलेल्या किमान दोन व्यक्ती हव्यात. बँक खाते मंडळाच्याच कायदेशीर नावाने हवे आणि त्यातून पैसे काढायला नात्यात नसलेल्या दोघांची संमती लागावी. खात्याचा उतारा तीन महिन्यांच्या आतला हवा. अर्जातल्या दोन संपर्क व्यक्तीही नवरा-बायको, भावंडे किंवा एकाच पत्त्यावर राहणाऱ्या नसाव्यात. आपल्याकडे अध्यक्ष आणि खजिनदार एकाच घरातले असणे दुर्मीळ नाही. हेतू चांगलाच असतो, पण अर्ज तिथे थांबतो. आणखी एक बारीक अडचण नावाच्या रोमन स्पेलिंगची. घटनेत एक, बँकेत दुसरे, वार्षिक हिशेबात तिसरे अशी स्थिती असेल तर आधी तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या. बँकेतला बदल कित्येक आठवडे खातो.

लाभ कोणाला, या प्रश्नाला ‘आमच्या सभासदांना’ हे उत्तर कमकुवत ठरते. मराठी ज्येष्ठांचे एकटेपण हा खरा प्रश्न आहे आणि तो ठामपणे मांडावा. पण वर्गणी न भरलेल्यांनाही दार उघडे आहे का, शेजारचे गुजराती किंवा इंग्रज आजोबा आले तर चालेल का, हेही लिहावे. शिवाय ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना विचारले होते का, हा प्रश्न असतोच. पंधरावीस ज्येष्ठांशी बोलून कोणता वार सोयीचा, कुणाला जिना चढवत नाही, कुणाला मधुमेहाचे जेवण हवे, हे टिपून ठेवले तर अर्जाचा तो भाग आपोआप भक्कम होतो.

धर्मप्रसाराला, राजकीय कामाला, मद्यावर किंवा नफ्यासाठी हा पैसा खर्च करता येत नाही. गणेशोत्सवाची मूर्ती, पूजा आणि प्रसाद यांचा खर्च यात घालू नका. त्याच मंडळाची सर्वांसाठी खुली लेझीम कार्यशाळा हा वेगळा प्रकल्प होऊ शकतो, पण हिशेबही खरोखर वेगळा हवा. आणि ब्रिटनमधल्या समाजासाठी दिलेला पैसा गावाकडच्या शाळेला पाठवता येत नाही.

मोठी रक्कम: रीचिंग कम्युनिटीज

हाही कम्युनिटी फंडच, पण २०,००० पाउंडांवरच्या आणि पाच वर्षांपर्यंतच्या कामांसाठी. पगारी माणसे, कायमची सेवा, भाड्याची जागा अशा गोष्टी इथे शोभतात. आधी कल्पना पाठवायची. ती पुढे गेली तर सविस्तर चर्चा आणि कागदपत्रे.

वर्षाला सात-आठ हजार पाउंडांत चालणाऱ्या मंडळाने एकदम दीड लाख मागितले, तर पैसे सांभाळणार कोण, हा पहिला प्रश्न येईल आणि तो रास्तच असेल. पगार सुरू झाला की नेमणूकपत्र, पेन्शन, रजा, तक्रारीची पद्धत, देखरेख करणारा विश्वस्त ही सगळी जबाबदारी येते. समितीत हे करू शकणारी दोन माणसे नसतील तर हा निधी तूर्त बाजूला ठेवा. एक-दोन छोटी अनुदाने वेळेवर खर्चून, अहवाल देऊन झाले की हाच अर्ज वेगळ्या वजनाने वाचला जातो. पाच वर्षांनी पैसा थांबल्यावर सेवेचे काय, याचे उत्तर मात्र पहिल्या दिवशी तयार हवे. ज्येष्ठांना सवय लावून मेळावा बंद करणे हे न सुरू करण्यापेक्षा वाईट.

आठवणी, छायाचित्रे, जुने दस्तऐवज: हेरिटेज फंड

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आहे. त्यामानाने इथल्या मराठी माणसांच्या आठवणी फारच कमी नोंदल्या गेल्या आहेत. त्यासाठी नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड हा योग्य मार्ग. लहान गटातली रक्कम १०,००० ते २,५०,००० पाउंड, अर्ज कधीही करता येतो आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर साधारण आठ आठवड्यांत निर्णय होतो. या गटात स्वतःचा रोख हिस्सा सक्तीचा नाही, पण स्वयंसेवकांचा वेळ योगदान म्हणून दाखवता येतो.

अवॉर्ड्स फॉर ऑलपेक्षा मोठा फरक पैसे मिळण्यात आहे. एक लाख पाउंडांपर्यंतच्या अनुदानात ५० टक्के आधी, ४० टक्के मधल्या टप्प्यावर आणि शेवटचे १० टक्के काम पूर्ण झाल्यावर मिळतात. म्हणजे ३०,००० च्या प्रकल्पात ३,००० पाउंड मंडळाला स्वतःच्या खिशातून काही काळ फिरवावे लागतात. खात्यात तेवढी गंगाजळी नसेल तर शेवटच्या छपाईचे बिल अडते.

मुलाखतींच्या प्रकल्पात नेहमी चुकणारी गोष्ट म्हणजे संमतिपत्र. या निधीतून तयार झालेले डिजिटल साहित्य खुल्या परवान्याखाली, म्हणजे इतरांनाही वापरता येईल असे, ठेवावे लागते आणि प्रकल्प संपल्यावर निदान पाच वर्षे ते लोकांना उपलब्ध असावे लागते. ही गोष्ट मुलाखतीआधी आजींना मराठीत समजावून सांगा आणि सही घ्या. घरगुती भांडणे किंवा व्हिसाच्या अडचणी बोलून गेल्यावर नंतर सही मागणे अन्यायाचे आहे. ध्वनिफिती कुठे ठेवायच्या हेही आधीच ठरवा. स्थानिक अभिलेखागाराकडून ‘आम्ही स्वीकारू’ असे पत्र घेतलेले बरे. एक तास मराठी बोलणे उतरवून घ्यायला सहा ते आठ तास धरा आणि इंग्रजी भाषांतराचे वेगळे. हा खर्च बहुधा निम्माच धरला जातो.

नाटक, संगीत, नृत्य यांसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडचे लॉटरी अनुदान १,००० ते १,००,००० पाउंडांचे आहे, पण तिथे किमान १० टक्के रक्कम दुसरीकडून आणावी लागते. सभासदांपुरत्या स्नेहसंमेलनाला तिथे जागा नाही. कलावंतांना रीतसर मानधन देऊन सर्वांसाठी खुला प्रयोग असेल तरच तिकडे जावे.

स्वतःची सोडत

दिवाळीच्या कार्यक्रमातले रॅफल हाही लॉटरीचाच पैसा, आणि तोही कायद्याच्या कक्षेत आहे. २००५ च्या गॅम्बलिंग कायद्यानुसार कार्यक्रमातच आणि कार्यक्रम चालू असतानाच तिकिटे विकली तर नोंदणी लागत नाही. जमलेल्या रकमेतून खर्चापोटी १०० पाउंडांहून जास्त आणि बक्षिसांपोटी ५०० पाउंडांहून जास्त काढता येत नाही. देणगीतून मिळालेली बक्षिसे यात मोजली जात नाहीत.

आधीपासून बाहेर तिकिटे विकायची असतील तर स्थानिक कौन्सिलकडे छोट्या संस्थेची लॉटरी म्हणून नोंदणी करावी: पहिल्या वर्षी ४० पाउंड, नंतर दरवर्षी २०. एका सोडतीची विक्री २०,००० पाउंडांपर्यंत, वर्षाची एकूण २,५०,००० पर्यंत, आणि किमान २० टक्के रक्कम कार्याला गेलीच पाहिजे. तिकिटावर मंडळाचे नाव, किंमत, जबाबदार व्यक्तीचे नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख छापलेली हवी. सर्व तिकिटांची किंमत सारखीच असावी लागते. म्हणून ‘पाच घ्या, चारचे पैसे द्या’ चालत नाही. १६ वर्षांखालील मुलांना तिकीट विकू नये आणि त्यांच्याकडून विकूनही घेऊ नये. सोडतीनंतर तीन महिन्यांत दोन सभासदांच्या सहीचे विवरण कौन्सिलला जाते. खजिनदार बदलला की नेमके हे विवरण राहून जाते. तिकिटाच्या पैशावर गिफ्ट एड (देणगीवर सरकारकडून परत मिळणारा कर) मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

५०० तिकिटे २ पाउंडांनी विकली आणि बक्षिसे देणगीतून आली, तर हजाराच्या आसपास हाती येतात. रक्कम छोटी, पण मोकळी. घटनेत बसणाऱ्या कुठल्याही कामाला ती वापरता येते: उत्सवाला, हेरिटेजच्या राहिलेल्या १० टक्क्यांचा ताण सोसायला, आर्ट्स कौन्सिलच्या हिश्शाला.

ठरवण्याआधी

जुगारातून आलेला पैसा घेऊ नये असे मानणारे सभासद प्रत्येक मंडळात असतात. त्यांचे मत अर्ज गेल्यावर नव्हे, आधी ऐकावे. मतदान झाले तर निर्णय इतिवृत्तात लिहावा, कारण अनुदान मिळाल्यावर फंडाचे बोधचिन्ह फलकांवर लावावे लागते आणि वाद तेव्हा उफाळतो.

एकाच वेळी दोन ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही. मात्र एकच खर्च दोघांकडून घेता येत नाही. भोजनमेळाव्याचा हॉल कम्युनिटी फंडाच्या पैशातून आणि त्याच हॉलमधल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण हेरिटेजच्या पैशातून, अशी विभागणी चालते. त्यासाठी खतावणीत प्रत्येक अनुदानाचा स्वतंत्र स्तंभ पहिल्या पावतीपासूनच ठेवा. वर्षअखेरीला आठवून केलेली विभागणी लेखातपासनिसापुढे टिकत नाही.