जुन्या पीसीत नुसता प्रोसेसर बदलावा, की बोर्डासकट सगळंच?

पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ‘यात इंटेलचा आय७ बसेल का?’ असं विचारण्याआधी घरी सिस्टिम इन्फर्मेशन उघडून मदरबोर्डचं नाव बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

बोर्ड एच६१ (जुन्या इंटेल प्रोसेसरचा) असेल आणि त्यावर आय३-२१२० असेल, तर त्याच सॉकेटात आय५-३४७० किंवा आय७-३७७० बसतो. फक्त बायोस (बोर्डातलं, मशिन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर आधी अपडेट करावं लागतं. दोन कोअरचे चार होतात, फरक जाणवतो. पण माल सेकंडहँडच मिळणार, रॅम डीडीआर३च राहणार आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत यातला एकही नाही. विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. टॅली आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. मशिन रखडतं ते बहुतेक वेळा डिस्कमुळे. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर इथे पैसे घालूच नका. नवा बोर्ड, रॅम आणि आय३-१२१०० घ्या. साधा आय३ असूनही तो त्या जुन्या आय७ ला मागे टाकतो. मात्र ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड मशिन असेल, तर त्याच्या कॅबिनेटमध्ये आणि पॉवर सप्लायवर बाहेरचा बोर्ड बरेचदा बसत नाही. तो खर्च आधीच धरा.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनवाल्यांनी जपून. आठव्या जनरेशनचा सॉकेटही ११५१ च म्हणवतो, पण तुमच्या एच११० बोर्डावर तो प्रोसेसर चालत नाही.

खरी चैन एएम४ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं सॉकेट) वाल्यांची. बी४५० बोर्डावरचा रायझन ५ १६०० काढून ५६०० लावा. कोअर सहाचे सहाच, तरी वेगात जमीन-अस्मानाचा फरक. रॅम तीच, बोर्ड तोच, वर विंडोज ११ चा प्रश्नही मिटतो. इथे मी दुसरा विचारही करणार नाही. फक्त जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करा, यूपीएसवर; आणि गुरुवारी तर नकोच, महावितरणचा काय भरवसा! कूलर काढण्याआधी मशिन दहा मिनिटं चालवून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली) गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचला. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, म्हणून सेकंडहँड बोर्ड घेताना दुकानातच मोबाइलचा टॉर्च मारून सॉकेट बघा.