एका रॅकमध्ये बॉल पायथन, कॉर्न स्नेक आणि फॅट-टेल्ड गेको : कोल्हापूरच्या तिन्ही ऋतूंतला अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून मी लोखंडी चौकटीची पाच कप्प्यांची रॅक करून घेतली. प्रत्येक कप्प्यात सरकणारे प्लास्टिकचे टब बसतात, टबांना वेगळे झाकण नसून वरच्या कप्प्याचा तळ हेच झाकण असते आणि मागच्या बाजूने हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, फिरवलेली आहे. वरच्या दोन कप्प्यांत बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर), मधल्या कप्प्यात आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको (जाड शेपटीची पाल) आणि खालच्या दोन कप्प्यांत कॉर्न स्नेक अशी मांडणी पहिल्यापासून आहे. एका टबात एकच प्राणी असतो. वेगवेगळ्या जाती एकाच टबात ठेवण्याचा विचारही कोणी करू नये. या लेखाचा विषय एवढाच आहे, की वेगवेगळ्या टबांतल्या भिन्न जातींना एकच रॅक कितपत मानवते.

माझा निष्कर्ष असा आहे, की चौकट सामाईक असायला हरकत नाही, मात्र उष्णतेचे नियंत्रण सामाईक असता कामा नये. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रॅकना एकच थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) आणि एकच प्रोब (तापमान मोजणारी तार) असतो, म्हणजे प्रोब ज्या टबात आहे त्या टबाचे तापमान सगळ्या रॅकवर लादले जाते. बॉल पायथनला उबेची बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५-२६ अंश लागते. फॅट-टेल्ड गेकोची गरजही जवळपास हीच आहे, कारण दोघेही पश्चिम आफ्रिकेतले. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप असून त्याला उबेची बाजू २८ ते ३० अंश पुरते आणि थंड बाजू २२ ते २४ अंशांपर्यंत उतरलेली हवी असते. म्हणून मी वरच्या तीन कप्प्यांची टेप एका थर्मोस्टॅटवर आणि खालच्या दोन कप्प्यांची टेप दुसऱ्या थर्मोस्टॅटवर घेतली. खर्च थोडा वाढला, पण या रॅकवर केलेला सर्वांत सार्थ खर्च हाच आहे. थर्मोस्टॅट चालू-बंद पद्धतीचा न घेता प्रवाह सतत कमी-जास्त करणारा घ्यावा. त्याने टबाचा तळ एकदम तापत नाही आणि टेपही टिकते.

जातींची उतरंड ठरवताना उष्णता वर चढते हे ध्यानात ठेवले. टेप सारखीच असूनही सर्वांत वरचा कप्पा सर्वांत खालच्या कप्प्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी गरम राहतो, हे मी इन्फ्रारेड थर्मामीटरने वारंवार तपासले आहे. त्यामुळे ऊब सोसणारी जात वर आणि गारवा लागणारी खाली, हा क्रम उलटा करणे धोक्याचे ठरेल.

खरी परीक्षा कोल्हापूरच्या हवेने घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये येथे हवेतली आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर राहते. बॉल पायथन आणि गेको यांना दमटपणा मानवतो, पण कॉर्न स्नेकच्या टबातले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलसर राहू लागले, तर पोटाच्या खवल्यांवर फोड येण्याची आणि श्वसनाच्या विकाराची भीती असते. खालच्या टबांना दोन्ही बाजूंनी जास्त छिद्रे पाडली, कोकोपीटऐवजी साधा छपाई नसलेला कागद अंथरला आणि पाण्याचे भांडे लहान ठेवले. एवढ्याने तिथली हवा कोरडी राहिली. डिसेंबर-जानेवारीत परिस्थिती नेमकी उलटी होते. पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, टेप बराच वेळ चालू राहते आणि टब कोरडे पडतात. अशा वेळी बॉल पायथनच्या टबात ओल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) डबा ठेवला, तर कात अखंड निघते. तो नसेल तर कातेचे तुकडे अंगाला आणि विशेषतः डोळ्यांवर चिकटून राहतात.

उन्हाळ्यात मात्र रॅकची मर्यादा उघडी पडते. थर्मोस्टॅट टेप बंद करू शकतो, गारवा निर्माण करू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ३७-३८ अंश असताना बंद कप्प्यांत हवा खेळत नाही, म्हणून रॅक उत्तरेकडच्या खोलीत हलवली आणि दुपारी पंखा चालू ठेवला. याच कारणासाठी क्रेस्टेड गेको या दुसऱ्या जातीच्या पालीला या रॅकमध्ये जागा दिली नाही, कारण २८ अंशांच्या वरचे तापमान त्याला बराच काळ सोसत नाही. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला तर तळपती ऊब आणि अतिनील प्रकाश दोन्ही लागतात. त्याचे रॅकमध्ये काही काम नाही. किंगस्नेक इतर सापांना खातो, त्यामुळे कॉर्न स्नेकच्या शेजारी त्याचा टब ठेवणे मला मान्य नाही.

संसर्गाचा विषय अनेक जण दुर्लक्षितात, आणि जाती अनेक असतात तेव्हा तो अधिक गंभीर होतो. सापांवरचे माइट (रक्त पिणारे बारीक कीटकसदृश परजीवी) टबाच्या फटींतून सहज दुसऱ्या टबात जातात. एक जात जो जंतू निमूटपणे बाळगते, तोच दुसरीला मारू शकतो. एन्टअमीबा इन्व्हेडन्स हा परजीवी अनेक कासवांत काही त्रास न देता राहतो आणि सापांमध्ये जीवघेणा अतिसार करतो. इन्क्लुजन बॉडी डिसीज या सापांच्या रोगाचा विषाणू बोआ जातीच्या सापांच्या अंगात दीर्घकाळ लक्षणांविना राहू शकतो, तर पायथन त्याने लवकर खंगतात. म्हणून नवा प्राणी रॅकमध्ये येण्यापूर्वी तीन महिने वेगळ्या खोलीत असावा, प्रत्येक जातीचा चिमटा आणि पाण्याचे भांडे वेगळे असावे आणि साफसफाई करताना आधी निरोगी जुने प्राणी, शेवटी नवे, हा क्रम पाळावा. गेकोसाठी सोडलेला रातकिडा निसटून शेजारच्या टबात जातो, त्यामुळे किडे मी टबात मोकळे सोडत नाही, वाटीत देतो. हात साबणाने धुणे हे साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूमुळे माणसासाठीही आवश्यक आहे.

बॉल पायथन या रॅकमध्ये सर्वांत निवांत राहिले. निसर्गात ते उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतात, त्यामुळे अंधारा, बंदिस्त टब त्यांना परका वाटत नाही, आणि त्यांचे खाणे एकदाही रेंगाळले नाही. गेकोही शांत आहेत, पण टब झटक्याने ओढला तर भीतीने शेपूट टाकण्याचा धोका असतो, म्हणून त्यांचा कप्पा हळू सरकवावा लागतो. त्यांच्या किड्यांवर कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरणेही अनिवार्य आहे. कॉर्न स्नेकबाबत मी समाधानी नाही. तो चढणारा साप आहे आणि टबाची उंची त्याला पुरत नाही. रात्री तो कडेने सतत फिरताना दिसतो. शिवाय त्याची पिल्ले पेन्सिलएवढ्या फटीतूनही निसटतात, त्यामुळे टबाची कड आणि वरचा कप्पा यांतली जागा पट्टीने मोजूनच रॅक ताब्यात घ्यावी. पूर्ण लांब ताणता न येणाऱ्या टबात प्रौढ साप कायमचा ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

हा छंद नव्याने सुरू करणाऱ्यांनी कायदाही समजून घ्यावा. धामण, अजगर, नाग यांसारखे आपल्याकडचे साप पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी बंधनकारक असून, २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर होते. विक्रेत्याकडून मूळ कागद मिळाल्याशिवाय प्राणी घेऊ नये.

रॅक आता अशी राहील, की वरचे तीन कप्पे आहेत तसेच चालतील आणि वाढलेले कॉर्न स्नेक पुढून काच असलेल्या, फांद्या लावलेल्या उंच पेटीत जातील. त्यांचे दोन कप्पे फक्त पिल्लांसाठी वापरले जातील. वीज गेल्यावर दोन्ही थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर चालतात. टेपला लागणारी वीज इतकी कमी आहे, की हिवाळ्यातल्या रात्रीही त्याचा भार जाणवत नाही.