नोकरी सांभाळून कृषीचं पदव्युत्तर शिक्षण: २२ महिन्यांनंतर

पहिल्या सत्राच्या तिसऱ्या महिन्यात मला कळलं की, ज्या शेतकऱ्यांना मी दर हंगामात जस्ताची फवारणी सुचवत आले, त्यातल्या काहींना तिची गरजच नव्हती. या अभ्यासक्रमाबद्दल जे काही सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

मी ठिबक सिंचन आणि विद्राव्य खतांच्या क्षेत्रात शेतावरची सल्लागार म्हणून काम करते. प्रवेश घेतला तेव्हा नोकरीला ९ वर्षं झाली होती. कृषी पदवी होती, पण एमएस्सी राहून गेली होती. मी निवडलेला अभ्यासक्रम नोकरदारांसाठीचा आहे: व्याख्यानं बहुतेक ऑनलाइन, प्रत्येक सत्रात काही दिवसांचे संपर्क वर्ग आणि प्रात्यक्षिकं, शेवटी दोन हंगामांच्या प्रयोगावर आधारित प्रबंध. माझा विषय मृदाशास्त्र आणि पीक पोषण. आता प्रबंधाचा शेवटचा टप्पा चालू आहे. प्रवेश घेण्यापूर्वी मी असे अनुभव शोधत होते, तेव्हा मला मिळाल्या त्या जाहिराती किंवा एका ओळीची मतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जस्ताचा किस्सा असा. संख्याशास्त्राच्या पेपरसाठी असाइनमेंट होती: तुमच्या कामातली एखादी शिफारस घ्या आणि ती शेतात तपासून पाहा. मी मक्यावरची जस्त सल्फेटची फवारणी घेतली, कारण ती मी डोळे मिटून सुचवायचे. एका शेतकऱ्याच्या शेतात शेजारी-शेजारी पट्ट्यांच्या सहा जोड्या आखल्या. प्रत्येक जोडीत कुठल्या पट्ट्यावर फवारणी होणार हे चिठ्ठी टाकून ठरवलं. उरलेल्या पट्ट्यावर तेवढंच साधं पाणी फवारलं. हे पाणी फवारायचं मला आधी सुचलंच नसतं. फरक दिसलाच तर तो जस्ताचा की नुसत्या ओलाव्याचा, हे कळायला हवं म्हणून ते लागतं. काढणीला बारा पट्ट्यांचं वेगवेगळं वजन केलं, ओलावा मोजून सगळी वजनं एका पातळीवर आणली. तीन जोड्यांत फवारणीचा पट्टा पुढे, तीन जोड्यांत पाण्याचा. टी-टेस्ट (दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारी चाचणी) करायच्या आधीच उत्तर समोर होतं.

मग त्या शेताचा जुना माती अहवाल काढला. डीटीपीए पद्धतीनं (या रसायनानं पिकाला मिळू शकणारं जस्त मातीतून काढून मोजतात) मोजलेलं जस्त किलोमागे १.४ मिलिग्रॅम. कमतरतेची सर्रास वापरली जाणारी मर्यादा ०.६ आहे. हा अहवाल दोन वर्षं माझ्याच फाइलमध्ये होता. मी नत्र, स्फुरद, पालाश वाचून पान उलटत होते.

त्या शेतकऱ्याला जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मॅडम, म्हणजे पुढच्या हंगामात नको ना?" मी म्हटलं, "या शेतात नको. ओढ्याकडच्या तुकड्याची माती आधी तपासू." तिथं जस्त ०.४ निघालं. तिथं फवारणी केली आणि ती लागू पडली.

या एका असाइनमेंटसाठीसुद्धा मी हा अभ्यासक्रम पुन्हा केला असता. माहिती माझ्याकडे आधीही होती. तुलना नव्हती. शेजारी न फवारलेला पट्टा नसेल तर "पीक हिरवं दिसतंय" या वाक्याला काहीच अर्थ नसतो, आणि आमच्या व्यवसायात तो पट्टा कुणी ठेवत नाही.

नोकरी करणाऱ्यांना सगळ्यात जास्त धास्ती संख्याशास्त्राची असते. मलाही होती. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी तो पेपर मागे ढकलला आणि प्रबंधाची आखणी करताना त्यांची अडचण झाली. तुम्ही तसं करू नका, तो आधी उरका. आमच्या शिकवणाऱ्या सरांनी सूत्रांच्या आधी त्यांच्यामागची माणसं सांगितली, आणि त्यामुळे माझी भीती गेली. टी-टेस्टमागे विल्यम गॉसेट होते, डब्लिनच्या गिनेस या बीअर कंपनीतले नोकरदार. बार्लीच्या मोजक्याच नमुन्यांवरून खात्रीनं काय म्हणता येईल, हा त्यांचा रोजच्या कामातला प्रश्न होता. त्यासाठी १९०६ मध्ये ते लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकायला गेले आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं त्यांनी उत्तर छापलं. रात्री अकरा वाजता, दिवसभर शेतात फिरून आल्यावर, मोजक्या नमुन्यांचं गणित सोडवताना मला त्यांची खूप सोबत वाटली.

पुढे लक्षात आलं की केल्डाल यांनी नत्र मोजण्याची पद्धत १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीच्या प्रयोगशाळेत दिली, आणि सोरेनसेन यांनी सामूची (पीएच) मापनपट्टी १९०९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत. म्हणजे पहिल्या सत्रातली माझी तीन रोजची हत्यारं बीअर बनवणाऱ्यांच्या पदरी काम करणाऱ्या माणसांनी घडवली. नोकरी आणि अभ्यास हे दोन वेगळे डबे आहेत, असं मी मानत आले होते. ते तसं नव्हतं.

आता तक्रारी, आणि त्या साध्या नाहीत.

प्रयोगशाळेचं काम फार अपुरं पडलं. संपूर्ण सत्राची प्रात्यक्षिकं पाच दिवसांत कोंबलेली. केल्डाल पद्धतीतल्या पचनालाच, म्हणजे नमुना आम्लात उकळून विरघळवायलाच, काही तास जातात. तीस विद्यार्थ्यांमध्ये एक संच, त्यामुळे आम्ही कोंडाळं करून बघत उभे राहिलो. बघून हात बसत नाही. टायट्रेशनमध्ये (द्रावण थेंबथेंब टाकून प्रमाण मोजताना) रंग नेमका कुठे बदलला हे स्वतः चार वेळा चुकल्याशिवाय समजत नाही. शेवटी मी ओळखीच्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशी जाऊन काम करण्याची परवानगी मागितली आणि सात आठवडे तिथं नमुने केले. मृदाशास्त्रातलं माझं खरं शिक्षण तिथं झालं, आणि ते अभ्यासक्रमानं दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवते.

तिथं शिकलेल्या काही गोष्टी रोज उपयोगी पडतात. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ची. तिच्यात सगळा सेंद्रिय कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्क्यांच्या आसपास जळतो, म्हणून उत्तराला साधारण १.३ नं गुणतात. दुसरी प्रयोगशाळा माती भट्टीत जाळून कर्ब मोजते. एकाच शेताचे दोन अहवाल जुळले नाहीत की शेतकरी म्हणतो प्रयोगशाळा खोटी आहे. दर वेळी तसं नसतं. स्फुरदाचंही तेच. ओल्सेनची पद्धत चुनखडीच्या, विम्ल जमिनींसाठी, ब्रेची आम्लधर्मी जमिनींसाठी. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आणि अहवालात 'पी' (नुसतं स्फुरद) लिहिलंय की 'पी-टू-ओ-फाइव्ह' (त्याचं ऑक्साइड), हे न बघता खताचा हिशोब केला तर तो दुपटीहून जास्त चुकतो. मी माझ्या जुन्या शिफारशी काढून बघितल्या. दोन ठिकाणी ही चूक झालेली होती. त्या दोन्ही शेतकऱ्यांना फोन करून दुरुस्ती कळवली.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. कृषीचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना हंगाम माहीत नसावा, हे मला पटत नाही. आमच्या दोन सत्रांच्या परीक्षा ऐन पेरणीत आल्या. शेतावर काम करणाऱ्या माणसाला त्या पंधरा दिवसांत रजा मिळणं जवळपास अशक्य असतं. गटातल्या तिघांनी त्या परीक्षा सोडल्या आणि एक वर्ष मागे पडले. ते हुशार होते, मेहनतीही होते. कार्यालयात बसून काम करणाऱ्यांना हा त्रास कमी झाला. नोकरदारांसाठीचा अभ्यासक्रम म्हणून प्रवेश देता, तर परीक्षेच्या तारखा ठरवताना त्या नोकरदाराचा हंगामही विचारात घ्या. ही मागणी मी संस्थेकडे लेखी दिली आहे.

अभ्यासाचं साहित्य संमिश्र. सिंचनाचा भाग उत्तम होता. अन्न आणि कृषी संघटनेच्या १९९८च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेवरून पिकाची पाण्याची गरज कशी काढायची, हे उदाहरणांसह इतकं नीट शिकवलं की आठवडाभरात मी ते कामात वापरायला लागले. नत्रावरचं प्रकरण मात्र जुनं, आलेख छायाप्रतीच्या छायाप्रती, अक्षांवरचे आकडेही वाचता येत नव्हते. ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व मात्र फीमधली सगळ्यात मोलाची गोष्ट निघाली. ते पहिल्या आठवड्यातच सुरू करून घ्या. मी चार महिने वाया घालवले.

अभ्यासाला वेळ किती लागतो, हे सगळेच विचारतात. मला आठवड्याला १० ते १२ तास लागले, प्रबंधाच्या काळात त्याहून जास्त. पहाटेचे दीड तास आणि रविवारची सकाळ. घरी नवऱ्यानं मुलीची शाळा आणि रात्रीचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला, नाहीतर हे जमलं नसतं. ज्यांच्या घरी असा आधार नाही त्यांनी सत्रामागे कमी पेपर घ्यावेत. बहुतेक ठिकाणी तशी मुभा असते, पण ती आपणहून कुणी सांगत नाही.

प्रबंधाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान आणि सगळ्यात मोठी कमाई तिथंच झाली. विषय ठिबकमधून मक्याला नत्र देण्याचा: एकूण मात्रा तीच ठेवून ती किती हप्त्यांत द्यायची. चार वेगवेगळे हप्ते आणि एक बिननत्राचा कंट्रोल, अशा पाच ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंट चार वेळा), एकूण २० प्लॉट. यादृच्छिक गट रचना, म्हणजे शेताचे चार गट पाडून प्रत्येक गटात पाचही ट्रीटमेंट चिठ्ठी टाकून वाटायच्या. शेताला हलका उतार होता. गट आखताना मी ते उताराच्या दिशेनं लांबट आखले, कारण ठिबकच्या नळ्या तशा टाकणं सोयीचं होतं. परिणामी प्रत्येक गटात वरचे प्लॉट कोरडे आणि खालचे ओले. गट करण्याचा हेतूच असा असतो की गटाच्या आतली जमीन एकसारखी असावी आणि जमिनीतला फरक दोन गटांच्या मध्ये यावा. मी नेमकं उलटं केलं होतं. पहिल्या हंगामाचा सीव्ही (आकड्यांमधला विनाकारण चढउतार दाखवणारी टक्केवारी) २४ टक्के आला आणि कंट्रोल सोडला तर बाकीच्या चार ट्रीटमेंटमधले फरक सीडीच्या (फरक खरा मानायला लागणाऱ्या किमान मर्यादेच्या) आत बुडून गेले.

आखणीचा नकाशा मी मार्गदर्शकांना पेरणीच्या तीन आठवडे आधी पाठवला होता. उत्तर आलं तेव्हा रोपं गुडघ्याएवढी झाली होती. त्यांच्याकडे चौदा विद्यार्थी होते, त्यामुळे त्यांच्यावर मी रागावू शकत नाही; एका मार्गदर्शकाकडे चौदा विद्यार्थी देणाऱ्या व्यवस्थेवर मात्र राग आहे. प्रवेशाच्या वेळी मी फी विचारली, गुणांची पद्धत विचारली. एका मार्गदर्शकाकडे किती जण असतात, हे विचारलं नाही. तुम्ही तो प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

उत्तर उशिरा आलं तरी फार चांगलं होतं. त्यांनी समजावलं की प्लॉटचं वाटप यादृच्छिक असल्यामुळे प्रयोग अवैध ठरत नाही. त्याची बारीक फरक पकडण्याची ताकद तेवढी कमी होते. पहिल्या हंगामाचे आकडे आहेत तसे ठेवा, चूक प्रबंधात स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या हंगामात गट उताराला आडवे घ्या. मी तसंच केलं. नळ्यांची मांडणी पूर्ण बदलावी लागली, प्रत्येक ट्रीटमेंटला वेगळा व्हॉल्व्ह बसवला, दोन प्लॉटच्या मध्ये बॉर्डर ओळी सोडल्या. पन्नास दिवसांनी पानांचा हिरवेपणा एसपीएडी मीटरनं मोजला, तेव्हा चारही गटांत ट्रीटमेंटचा क्रम जवळपास सारखा लागला. शेताच्या मधोमध उभी राहून मी ते आकडे तीन वेळा वाचले.

नोकरीत काय बदललं? पगार बदलला नाही. पदवी हातात आल्यावर बदलेल असं सांगितलं आहे. पण आता माझ्या भागातल्या प्रत्येक प्रात्यक्षिक प्लॉटशेजारी एक कंट्रोल पट्टा असतो. सुरुवातीला वरिष्ठांचा विरोध होता. फरक दिसलाच नाही तर काय करायचं, असं ते म्हणायचे. दोन उत्पादनांच्या बाबतीत फरक दिसला नाही, आणि तो अहवाल मी तसाच दिला. त्यावर मोठी चर्चा झाली. एक उत्पादन आता फक्त माती परीक्षणानंतरच सुचवायचं, असं ठरलं.

कुणी घ्यावा हा अभ्यासक्रम? ज्यांना प्रयोगासाठी सलग दोन हंगाम जमीन मिळू शकते आणि काढणीच्या दिवशी रजा मिळू शकते, त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांचं काम पूर्ण टेबलावरचं आहे, त्यांनी प्रबंधाऐवजी प्रकल्प अहवालाचा पर्याय असलेली शाखा शोधावी. पुढे पीएचडी किंवा अध्यापन करायचं असेल तर ही पदवी तिथं चालते का, हे संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर गटातले दोघे फसले आहेत.

माझी दुसऱ्या हंगामाची काढणी पुढच्या पंधरवड्यात आहे. २० पोती आणि ४० चिठ्ठ्या तयार आहेत, एक पोत्याच्या आत टाकायला, एक बाहेर बांधायला. या वेळी सगळ्या पेन्सिलीनं लिहिल्या आहेत. मागच्या हंगामात दवानं शाई पसरली आणि दोन प्लॉटची ओळख पटवायला मला अख्खा दिवस लागला होता.