प्रेडर-विली असलेल्या मुलीसाठी वर्तनोपचार : नौपाड्यातील केंद्राचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला प्रेडर-विली सिंड्रोम आहे. वडिलांकडून आलेल्या पंधराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक भाग गळालेला असला किंवा काम करत नसला की हा विकार होतो. जन्मतः बाळ इतके लुळे असते की त्याला धड दूध ओढता येत नाही, आणि तेच मूल काही वर्षांनी जेवून उठल्यावरही भुकेलेच राहते, कारण पोट भरल्याची जाणीव करून देणारे मेंदूतील हायपोथॅलॅमसचे काम बिघडलेले असते. खाणे लपवून ठेवणे, एकच प्रश्न वीस वेळा विचारणे, ठरलेला क्रम मोडताच थयथयाट करणे, कातडी ओरबाडून जखमा करणे ही सारी त्याच विकाराची लक्षणे आहेत. आम्हाला मात्र वर्षानुवर्षे "लाडाने बिघडवलीत" एवढेच ऐकावे लागले.

या केंद्रातील मुख्य समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत मुलीपेक्षा आमच्या स्वयंपाकघराचीच अधिक चौकशी केली: डबे कुठे असतात, फ्रीज कोण उघडते, रात्री कचऱ्याचा डबा कुठे ठेवता. फ्रीजला आणि फडताळाला कुलूप लावा, असे त्यांनी सांगितले तेव्हा माझ्या सासूबाई दुखावल्या. अन्नाला कुलूप घालणारे घर त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. पुढच्या वेळी बाईंनी त्यांनाच समोर बसवून समजावले की, या मुलांना सहसा उलटी होत नाही आणि वेदनाही कमी जाणवतात, त्यामुळे एकदाच बेसुमार खाल्ले तर जठर फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते आणि मूल मात्र पोट दुखते असे म्हणतही नाही. त्या दिवसापासून किल्ली सासूबाईंच्या कनवटीला असते. पुढचे खाणे केव्हा आणि काय मिळणार हे मुलीला पक्के ठाऊक असावे, आणि त्याहून अधिक मिळण्याची आशाही राहू नये, हे समुपदेशक बाईंचे सूत्र कठोर वाटले, पण भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक लागल्यावर "जेवण कधी?" हा प्रश्न निम्म्यावर आला. हातावरची डासाची जखम ती दीड महिना उकरत होती. बाईंनी तिला ओवायला मणी दिले. हात गुंतले आणि खपली टिकली.

तक्रारीही आहेत, आणि पहिली गंभीर आहे. सुरुवातीचे दोन आठवडे एका नवख्या थेरपिस्टने जागेवर बसल्याचे बक्षीस म्हणून तिला चॉकलेटच्या गोळ्या दिल्या. इतर मुलांच्या बाबतीत ही पद्धत चालत असेलही, पण स्नायू कमी असल्यामुळे जिची उष्मांकांची गरजच समवयस्कांपेक्षा कमी आहे आणि खाण्याचा विचार जिच्या डोक्यातून जात नाही, तिच्यासमोर गोळी धरली की सत्राचा विषयच संपतो. फाईलवर निदान ठळक लिहिलेले असताना ही चूक व्हायला नको होती. बाईंनी ती मान्य केली आणि दुसऱ्याच दिवशी स्टिकर आणले, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी तक्रार प्रतीक्षाकक्षाची. तेथील टेबलावर बिस्किटांची टोपली असते, शिवाय मधल्या वेळी इतर पालक डबे उघडतात. त्यांचा दोष नाही, पण मग आमचा अर्धा तास थयथयाट आवरण्यात जातो. तीनदा सांगूनही टोपली हललेली नाही. गोखले रोडवरच्या वासांतून मुलीला चालवत आणणे हीच एक परीक्षा असल्यामुळे आम्ही दारापर्यंत रिक्षाच करतो. दाराच्या आत तरी निश्चिंत असावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

पंचेचाळीस मिनिटांच्या सत्राला बाराशे रुपये पडतात. पावती मिळते, वेळ पाळली जाते. लिफ्ट नाही, आमच्या मुलीला दोन जिने चढायला दहा मिनिटे लागतात, तेवढे आधी निघावे.

अशा मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी दुपारी तीनची वेळ मागून घ्यावी. तेव्हा कक्ष रिकामा असतो आणि टोपली आपण स्वतः उचलून आत नेऊन देऊ शकतो. आम्ही तेच करतो.