नवा ट्रान्सम म्हणून जुनंच कुजकं लाकूड, फोटो मात्र दुसऱ्याच बोटीचे

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझा मूर्खपणाही भरपूर आहे आणि तो चारचौघात सांगायला लाज वाटते. पण गेल्या आठवड्यात एका मित्राने मला फोटो पाठवले, "या माणसाकडून काम करून घेतोय, कसं वाटतंय बघ" म्हणून, आणि ते फोटो बघून माझं डोकंच फिरलं. का ते शेवटी सांगतो.

माझी बोट जुनी, ॲल्युमिनियमची, 16 फुटी. मूळची स्टर्नड्राइव्हवाली, म्हणजे इंजिन आत आणि ड्राइव्ह मागच्या भिंतीतून बाहेर. इंजिन गेलं होतं, ड्राइव्हचे पार्ट मिळेनात, म्हणून ठरवलं की सगळं काढून टाकायचं आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायची मोटार, लावायची. आउटबोर्ड लावायची म्हणजे ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत, नवा करणं आलंच, कारण ड्राइव्हसाठी कापलेलं मोठं भगदाड बुजवायला लागतं आणि सगळा जोर आता मागच्या भिंतीवरच येणार असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अशा बोटीचा ट्रान्सम बाहेरून पत्रा दिसतो पण आत प्लायवुड असतं, पत्रा-लाकूड-पत्रा असं सँडविच. बोल्टच्या भोकातून, बोटीतलं पाणी काढायच्या प्लगच्या कडेतून पाणी आत झिरपतं आणि लाकूड वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत राहतं, बाहेरून बोट एकदम ठणठणीत दिसते. झाकली मूठच ती. आणि मी ज्याला हे काम दिलं त्या माणसाचा सगळा धंदा याच झाकल्या मुठीवर चालतो.

पहिल्या भेटीत गडी बोलायला एकदम जाणकार. ट्रान्समची उंची 20 इंच लागेल म्हणाला, बरोबर, त्याने सुचवलेली मोटार लाँग शाफ्ट, म्हणजे लांब पायाचीच होती. मरीन प्लायचे दोन थर चिकटवून दीड इंच जाडी करू, इपॉक्सीचे तीन हात मारू, 316 चे, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचे, स्टेनलेस बोल्ट वापरू, आतून ट्रान्समपासून तळापर्यंत तिरके आधार देऊ, भगदाडाला नवा पत्रा आर्गन वेल्डिंगने. एकही शब्द चुकीचा नव्हता हो, तीच तर गंमत आहे, फसवणाऱ्याला विषय येत नाही असं आपण धरून चालतो. कागदावर काही लिहून घेतलं नाही. अर्धे पैसे ॲडव्हान्स, उरलेले "फोटो बघून पटलं की मग".

मधे एकदा मी जाऊन आलो तेव्हा कोपऱ्यात हिरवट प्लायचा तुकडा दिसला. मी विचारलं हे काय, तर म्हणाला साहेब ही ट्रीटेड आहे, मरीनपेक्षा भारी, हिला वाळवी नाही कीड नाही, कुजायचा विषयच नाही. मी मान डोलावली. आता कळतंय की त्यातलं अर्धं खरं होतं, ती प्लाय सहजासहजी कुजत नाही, पण तिला जे औषध पाजतात त्यात तांबं असतं आणि ओल्या लाकडातलं तांबं ॲल्युमिनियमला लागलं की पत्रा खाऊन टाकतं. आधी पांढरी पावडर येते, मग खड्डे पडतात, मग सुईच्या टोकाएवढी भोकं. इमारतीच्या कामाला चांगली असेल, ॲल्युमिनियमच्या बोटीत तिला जागा नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथेच बोट उचलून घरी आणली असती.

मग फोटो आले. काय सुंदर फोटो! उघडा ट्रान्सम, आतलं नवंकोरं मधासारखं लाकूड, कडा इपॉक्सीने चकचकीत, दोन्ही बाजूंना तिरके आधार. मी कामाच्या गडबडीत फोनवर बघितले, खूश झालो, उरलेले पैसे लगेच पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन, "बंद केला, घेऊन जा". इपॉक्सीचे तीन हात, ते वाळायचे, मग बोल्टची भोकं, मग सीलंट, हे सगळं एका रात्रीत कसं झालं हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. नाही पडला.

बोट घरी आली, रंग नवा, मोटार लागली. पहिल्याच फेरीत मागून पाण्याचे फवारे उडायला लागले. टेप लावून मोजलं तर ट्रान्समची उंची 20 ऐवजी साधारण 18 इंच. मोटारीच्या पायावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा थोडी खाली पाहिजे, माझी दोन इंच खाली पाण्यात घासत होती. फोन केला तर म्हणे मोटार एक भोक वर घ्या. घेतली. म्हणजे आता मोटारीचा ब्रॅकेट ट्रान्समच्या डोक्यावर टेकतच नव्हता, शंभर किलोच्या वरची मोटार नुसत्या बोल्टवर.

दुसरी खूण जास्त वाईट होती. प्रत्येक फेरीनंतर नट ढिले. पाव फेरा आवळायचो, पुढच्या वेळी परत पाव फेरा. मला वाटलं व्हायब्रेशनने होतंय, नायलॉनवाले नट लावले, तरी तेच. नट फिरत नव्हताच मुळी, आतलं लाकूड चेपत होतं! पंखा खालून पुढे ढकलतो तेव्हा ब्रॅकेटचा खालचा भाग ट्रान्सममधे आत दाबला जातो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. लाकूड टणक असेल तर काही होत नाही, भुसभुशीत असेल तर ते दबत जातं आणि बोल्ट सैल पडतात. एक दिवस मोटारीचा पाय हाताने वर-खाली हलवून बघितला तर सगळा ट्रान्समच श्वास घेतल्यासारखा आतबाहेर व्हायला लागला, आणि त्याच दिवशी तळात दोन बादल्या पाणी सापडलं.

मग मात्र आतल्या बाजूने, अगदी खाली, 5 मिमीचं भोक पाडून बघितलं. चांगल्या लाकडाचा भुसा फिकट आणि कोरडा येतो. माझ्या ड्रिलला काळा चिखल लागून आला, आणि वास असा की विचारू नका. पटाशी आणि ग्राइंडर घेऊन आतला पत्रा सोडवला आणि बघतच बसलो. वरची सहा इंच हिरवी प्लाय, नवी. त्याच्या खाली सगळं जुनंच लाकूड, मूळचं, हाताने चुरा होणारं. ड्राइव्हच्या भगदाडामागे लाकूडच नाही, तिथे डब्यातला फुगणारा फोम मारलेला, बाहेरून पातळ पत्रा पॉप रिवेटने ठोकलेला, कडेला सिलिकॉन, त्यावर पुट्टी आणि रंग. वेल्डिंगचा पत्ता नाही. पॉप रिवेटही साधे, मधे पोकळ असलेले, त्यातूनच पाणी येत होतं. तिरके आधार नाहीत. बोल्टला लोहचुंबक लावला तर खाडकन चिकटला, म्हणजे 316 वगैरे काही नाही, साधं लोखंड वर पॉलिश. हिरव्या प्लायला इपॉक्सीचा एक हातसुद्धा नव्हता, आणि तिच्यामागे पत्र्यावर इतक्या थोड्या काळात पांढरे डाग. तिचा एक तुकडा घरी तासभर उकळत्या पाण्यात टाकला, पापुद्रे सुटून आले. चांगल्या मरीन प्लायचा गोंद या परीक्षेत सुटत नाही.

फोन केला. आधी म्हणाला पाण्यात बोट घातली तर पाणी येणारच. मग म्हणाला तुम्ही मोटार मोठी लावली. (मोटार त्यानेच सुचवली होती.) मग फोन उचलणं बंद, शेवटी ब्लॉक. हातावर तुरी दिल्या म्हणतात ते हेच. लेखी काही नाही, पैसे पूर्ण दिलेले, आणि मेसेजमधे माझाच "एक नंबर काम" असा अंगठा. तक्रार करायला गेलो की तोच अंगठा आडवा येतो.

आता मीच करतोय. जुनं लाकूड चुरा झालेलं असल्यामुळे साचा म्हणून उपयोगाचं नव्हतं, पुठ्ठा कापून आतून माप घेतलं. बीएस 1088 (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) ची प्लाय, 18 मिमीच्या दोन शीट इपॉक्सीने चिकटवल्या, तळापासून डोक्यापर्यंत अखंड, मधे जोड नाही. प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळलं की मधून बोल्टच्या मापाचं परत पाडायचं, म्हणजे बोल्टशेजारून पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि पैसे घेऊन करणारा माणूस नेमकं हेच गाळतो, कारण ते कधीच कुणाला दिसत नाही. पितळी प्लगची नळीसुद्धा काढून टाकली, पितळ आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र नांदत नाहीत. स्टेनलेस बोल्टलाही इन्सुलेशनची पेस्ट लावून, आतून छोट्या वायसरऐवजी रुंद ॲल्युमिनियमची पाटी. भगदाडाचा पत्रा दुसऱ्या वेल्डरकडून करून घेतला, लाकूड बसवायच्या आधी, आणि मी तिथे उभा होतो. तो वैतागला, वैतागू दे.

तुम्ही कुणाला काम देणार असाल तर पत्रा बंद करायच्या दिवशी स्वतः समोर जा, आणि शेवटचे पैसे त्या दिवसाच्या आधी देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. फोटोवर तर अजिबात जाऊ नका.

फोटोंचं सांगायचं राहिलं. मित्राने पाठवलेले फोटो आणि मला आलेले फोटो एकच आहेत, तेच मधासारखं लाकूड, तेच आधार. मग मी माझे जुने फोटो मोठे करून नीट बघितले. माझ्या बोटीचा पाण्याचा प्लग बरोबर मधोमध आहे. फोटोतल्या बोटीचा डाव्या बाजूला आहे, आणि मागे उजव्या कोपऱ्यात तुटक्या कडीची निळी बादली. डाव्या बाजूचा प्लग आणि निळी बादली, तुमच्या फोनवर आली तर ओळखा.