बिलावर नुसतं ‘वुडन फ्लोअरिंग’ लिहून मिळालं असेल तर

ठाण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा टू-बीएचके. फ्लोअरिंग फेब्रुवारीत बसलं. जूनच्या शेवटी एका रात्री पावसाची झड बाल्कनीच्या दारातून आत आली, सकाळी उठल्याउठल्या घरच्यांनी पाणी टिपून घेतलं. तरी चार दिवसांत दारापाशी पट्ट्यांच्या कडा फुगल्या. सांधा बोटाला लागेल इतका वर आला आणि टोकाला वरचा कागद सुटून खालचा तपकिरी भुसा दिसायला लागला. दुकानात सांगितलं होतं, “एसपीसी आहे ताई, पाण्यात बुडवून ठेवलंत तरी काही होणार नाही.” प्रत्यक्षात बसवलं होतं लॅमिनेट.

अदलाबदल कुठे झाली ते नीट समजून घ्या, कारण ही युक्ती रोजची आहे. शोरूममध्ये दाखवलेला तुकडा खरोखर एसपीसीचा होता, ५ मिमी जाडीचा. ऑर्डर पक्की करताना दुकानदार म्हणाला, “हे पाच मिलीचं आहे, तुम्हाला त्याच भावात आठ मिलीचं देतो. रंग तोच.” जाड म्हणजे भक्कम, असं कोणालाही वाटेल. पण या दोन जाड्यांची तुलनाच होत नाही, कारण वस्तूच वेगळ्या आहेत. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेली पट्टी. ती बहुतेक ४ ते ६ मिमीची येते आणि पाण्याने फुगत नाही. लॅमिनेट म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला एचडीएफ बोर्ड, त्यावर लाकडाच्या नक्षीचा छापील कागद आणि वर मेलामाइनचा पारदर्शक थर. ते ८ किंवा १२ मिमीचं येतं. वरून ओल्या फडक्याने पुसलं तर काही होत नाही, पण सांध्यातून पाणी आत शिरलं की बोर्ड फुगतो. एकदा फुगलेला एचडीएफ वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. दुकानदाराने तीन मिली जास्त दिले नाहीत, मालच बदलला.

ओळखायला मिनिटभर लागतं. पट्टीची कापलेली कड बघा. एसपीसीची कड राखाडी किंवा मळकट पांढरी, घट्ट, दगडासारखी थंड लागते. लॅमिनेटची कड तपकिरी असते, नखाने खरवडली की भुसा निघतो. काही बोर्डांना हिरवा रंग दिलेला असतो आणि तो दाखवून ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं जातं. तोही एचडीएफच. ओलावा थोडा जास्त सोसतो, इतकंच. शंका राहिली तर चार इंचाचा तुकडा कापून मागा, व्हर्निअरने (जाडी अचूक मोजायच्या साधनाने) किंवा जवळच्या सुताराकडून त्याची जाडी मोजा, पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्यात रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी परत मोजा. लॅमिनेटची बुडालेली कड हाताला जाड लागेल, एसपीसीची जशीच्या तशी राहील. तुकडा द्यायला नकार मिळाला तर त्या दुकानातून उठा.

लॅमिनेट वाईट असतं असं मुळीच नाही. कोरड्या बेडरूममध्ये चांगल्या लॅमिनेटला आमचा काही आक्षेप नाही, पायाला ते एसपीसीपेक्षा उबदारही लागतं. खोक्यावर एसी-३ किंवा एसी-४ असा घर्षणाचा दर्जा छापलेला असतो. घरासाठी एसी-३ चालतं, वर्दळीच्या हॉलला एसी-४ घ्यावं. पण हा आकडा फक्त वरचा थर किती घासला जाईल ते सांगतो. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. दुकानात मात्र “एसी-फोर आहे, काळजी नको” असं पाण्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दिलं जातं.

खुद्द एसपीसीतही फसवायला जागा आहे. त्याचं आयुष्य वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे वेअर लेयरवर असतं. घरात तो किमान ०.३ मिमी हवा, दुकानात किंवा ऑफिसात ०.५. स्वस्त मालात तो याच्या निम्म्यानेही असतो आणि खुर्चीच्या चाकाखाली दोन-तीन वर्षांत छपाई उडते. दुसरं, जाडी सांगताना खाली चिकटवलेला १ किंवा १.५ मिमीचा फोम त्यातच धरतात. ५.५ मिमी म्हणून घेतलेली पट्टी खरी ४ मिमीची निघते. म्हणून विचारताना ‘फोम सोडून किती?’ असंच विचारायचं. आणखी एक गोष्ट विक्रेता स्वतःहून सांगत नाही. मोठ्या पश्चिमेकडच्या काचेतून थेट ऊन येत असेल तर एसपीसी तापून पसरतं आणि सांधे वर उठतात. तिथे जाड पडदा लावा, नाहीतर सरळ टाइल्स लावा.

आता त्या घरातला हिशेब. हॉल १६ बाय ११, खोल्या १२ बाय १० आणि ११ बाय १०. एकूण ४०६ चौरस फूट. सरळ खोल्यांना ८ टक्के वेस्टेज पुरतं, म्हणजे साधारण ४३९. पट्टी १२१५ बाय १९५ मिमीची, खोक्यात ८ पट्ट्या, एका खोक्यात २०.४ चौरस फूट. २२ खोक्यांत काम संपतं. बिल झालं २६ खोक्यांचं, ५३० चौरस फुटांचं. चार खोकी घरात आलीच नाहीत, कारण खोकी कोणी मोजलीच नाहीत. फिटरने काम संपल्यावर रिकामे पुठ्ठेही ‘कचरा नेतो’ म्हणून खाली नेले आणि त्यांच्याबरोबर मालाचं नाव, जाडी आणि बॅच नंबर छापलेली लेबलंही गेली. माल चढवताना दारात उभं राहून खोकी मोजा, बाजूच्या लेबलांचे फोटो काढा आणि उरलेलं एक खोकं घरातच ठेवा. पुढे एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर त्याच बॅचची छटा बाजारात मिळत नाही.

भाव ठरवताना चौरस फुटाचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. खालचा फोम, स्कर्टिंग, दाराखालचं टी-प्रोफाइल (सांधा झाकणारी पट्टी), दारं खालून कापणं आणि लेव्हल करणं हे सगळं नंतर निघतं, आणि स्कर्टिंग-प्रोफाइल रनिंग फुटाने लागतं. तोवर अर्धी खोली झालेली असते, मग नाही म्हणणं जड जातं.

बसवण्यात झालेली चूक मालाच्या माथी मारली जाते आणि मालाची चूक बसवणाऱ्याच्या. म्हणून दोन्ही एकाकडूनच घ्या. जमिनीवर दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघा. तिच्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त पोकळी असेल तर आधी भरून घ्यायला हवी, नाहीतर चालताना आवाज येतो आणि पट्ट्यांचे लॉक, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या कडा, तुटतात. भिंतीपासून चहूबाजूंनी ८ ते १० मिमी जागा मोकळी सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. घाईतला फिटर पट्टी भिंतीला टेकवतो, आणि पावसाळ्यात पसरायला जागा न मिळाल्याने खोलीच्या मधोमध फुगवटा येतो. त्या ठाण्याच्या घरात हीही चूक होती. तळमजल्यावर किंवा नव्या कोब्यावर काम असेल तर दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला तर ओल आहे. तिथे लॅमिनेट आणि लाकूड दोन्ही नकोत.

‘टीकवुड फ्लोअरिंग’ या नावाखाली जे येतं त्यात बहुतेकदा प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा असतो. त्याला इंजिनिअर्ड वुड म्हणतात आणि ती चांगली वस्तू आहे, फक्त पापुद्रा किती मिमीचा ते बिलावर यायला हवं. ३ मिमीच्या वर असेल तर पुढे एखाद-दोनदा घासून पॉलिश करता येतं. ०.६ मिमीला घासाईचं मशीन लावलं की खालचा प्लाय बाहेर येतो. आणि दहा पट्ट्या शेजारी मांडून बघा. तीच गाठ तिसऱ्या किंवा सहाव्या पट्टीवर हुबेहूब दिसली तर ती छपाई आहे, साग नाही.

स्वयंपाकघर, बाथरूमलगतचा पॅसेज आणि जिथे झड आत येते तिथे आमचं मत वुड-लुक टाइलच्याच बाजूने आहे. २०० बाय १२०० मिमीची लांब टाइल घेताना दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधे उजेड दिसला तर त्या वाकड्या आहेत. अशा टाइल्स अर्ध्यावर सांधा ठेवून लावल्या की कडा पायाला लागतात. सांधा एक तृतीयांशावर ठेवायला सांगा.

त्या घरच्यांनी दुकानात तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, “पाण्याने खराब झालंय, वॉरंटीत बसत नाही.” लॅमिनेटची वॉरंटी म्हणून पाहिलं तर ते खरंही होतं. बिलावर शब्द होते ‘वुडन फ्लोअरिंग, ५३० चौ. फूट’. एसपीसी हा शब्द कुठेही नव्हता, ना बिलावर, ना मेसेजमध्ये. सगळं बोलणं तोंडी झालेलं. ऑर्डर देताना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच पाठवा: “तुम्ही सांगितल्याप्रमाणे एसपीसी, फोम सोडून ५ मिमी, वेअर लेयर ०.३ मिमी, २२ खोकी, फोम-स्कर्टिंगसह. बरोबर ना?” समोरून ‘हो’ आलं की तो पुरावा झाला. आगाऊ रक्कम त्यानंतर, आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल याच शब्दांत.

फसवणूक झालीच असेल तर फुगलेल्या पट्ट्या लगेच काढून टाकू नका. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, एक पट्टी सांभाळून ठेवा, दुकानाला लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि मालासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क लागत नाही.